मुशीला काटे नाहीत, पण हा वास कसला?

कोल्हापूरची_वैनी: रविवारी मालवणहून आलेली मुशी घेतली. मधला कणा सोडला तर एक काटा नाही, पण वास डोक्यात जाणारा. खराब हाय काय ओ?

खारंवारं: वैनी, मुशी म्हणजे शार्कच. सांगाडा हाडांचा नसतोच, कुर्चेचा असतो. समुद्राच्या खारटपणाला तोंड द्यायला ती अंगात युरिया साठवते. मेल्यावर जिवाणू त्याचा अमोनिया करतात. थोडा वास चालतो, डोळे चुरचुरले तर टाकून द्या.

कोल्हापूरची_वैनी: बरं. पोरगा विचारतोय, ती थांबली की मरते?

खारंवारं: सगळ्या नाही. कित्येक जाती तळाशी पडून कल्ल्यांवर पाणी ओढतात. मोठ्या पांढऱ्या शार्कला मात्र पोहतच राहावं लागतं.

रस्सामंडळ: ते ऱ्हाऊ दे, कांदा-लसूण चटणी किती घातली?