‘टफ’ प्लॅस्टिक: कठीण, वातड की चिवट?

दादरहून: प्लॅस्टिकच्या मिश्रणांवरचा मजकूर मराठीत आणतेय. ‘टफनेस’ला मी ‘कणखरपणा’ लिहिलं होतं, संपादकांनी ‘कठीणपणा’ केलं. चालेल?

माटुंग्याहून: नाही हो ताई, अर्थच उलटा होईल. कठीण म्हणजे ज्यावर सहज ओरखडा उठत नाही ते. साधं पॉलिस्टायरीन चांगलं टणक असतं, तरी त्याच्या सीडीच्या डबीची बिजागरी कशी कट्कन तुटायची! टफनेस म्हणजे तुटेपर्यंत वस्तू किती ऊर्जा पचवते ते. ‘कणखर’ माणसाला शोभतं. इथे ‘चिवटपणा’च.

विक्रोळीहून: चिवट म्हटलं की मला कच्चं राहिलेलं मटण आठवतं. ‘वातड’ का नको?

माटुंग्याहून: सादळलेला पापड वातड होतो. वाकतो, पण वाकवायला जोर लागत नाही. चिवटपणाला ताकद आणि ताणलं जाणं दोन्ही लागतात, म्हणून तुमचं मटण बरोबर आहे!

दादरहून: आणि ‘क्रेझ’? मी ‘सूक्ष्म तडे’ केलंय.

माटुंग्याहून: तिथेच घोळ होईल. हिप्समध्ये, म्हणजे रबर घातलेल्या पॉलिस्टायरीनमध्ये, रबराचे साधारण 1 ते 5 मायक्रॉनचे कण विखुरलेले असतात. ताण आला की त्यांच्या कडेला असंख्य क्रेझ उमटतात. तडा रिकामा असतो, क्रेझच्या दोन्ही काठांना प्लॅस्टिकचेच बारीक तंतू धरून असतात. ते ताणले जाण्यात ऊर्जा खर्च होते. वाकवल्यावर दिसणारा पांढरा पट्टा तो हाच. ‘तंतुभेग’ म्हणून बघा, नाहीतर ‘क्रेझ’च ठेवा.

रबर घातलेल्या नायलॉनचं मात्र वेगळं. तिथे रबराच्या कणांत पोकळ्या पडतात आणि मधलं नायलॉन न तुटता सरकतं. कणांमधलं अंतर महत्त्वाचं. संशोधक सूहेंग वू यांनी 1985 मध्ये दाखवलं की हे अंतर सुमारे 0.3 मायक्रॉनच्या खाली गेलं की ठिसूळ माल एकदम चिवट होतो. म्हणजे रबर तेवढंच, पण कण बारीक केले तरी फरक पडतो. पॉलिस्टायरीनला हा नियम लावू नका, तिथे फार बारीक कण कुचकामी ठरतात.

साकीनाक्याहून: आमच्या गाळ्यात चिवट-बिवट कोणी म्हणत नाही. ‘इम्पॅक्ट किती?’, म्हणजे ठोका किती सोसतो, एवढंच विचारतात. हिप्सच्या भंगारात पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, मिसळून आलं की मोल्डिंगला पापुद्रे सुटतात. त्याला काय म्हणाल?

माटुंग्याहून: ‘पापुद्रे सुटणे’च लिहा. दोन प्लॅस्टिकं एकमेकांना धरत नाहीत, हे त्यातच आलं.