भिलाटी : ठेवावा की काढावा?

तापीकाठची
शिरपूर तालुक्यातल्या एका भिल आजींच्या आठवणी लिहून काढतेय. वय त्यांना सांगता येत नाही. "बहात्तरच्या दुष्काळात मधलं पोर रांगत होतं" एवढाच हिशेब. बोलतात अहिराणीत, मधूनच भिली. एक वाक्य असं : "लगीन व्हयनं अन् मी ह्या भिलाटीमा उनू." मी लिहिलं, "लग्न होऊन मी या भिलाटीत आले." भिलाटी म्हणजे भिलांची वस्ती. मुद्रितशोधकांनी 'भिलाटी' खोडून 'आदिवासी वस्ती' केलं. म्हणाले, शब्द अवमानकारक आहे. मी लहानपणापासून ऐकत आलेय, कधी टोचला नाही. तुम्हाला काय वाटतं? जाता जाता, 'सालदार'ला तळटीप लागेल का?

केळीबाग
ठेवा. आमच्या रावेरकडे पत्ताच असा सांगतात : मारुतीच्या पारावरून सरळ, भिलाटीच्या अलीकडे. कोणाला काही वाटत नाही.

नवापूरचा
"कोणाला काही वाटत नाही" हे पारावर बसणाऱ्याने ठरवायचं का? मी मावची जमातीचा. आमच्याकडे पाडे असतात. अक्राणीत, अक्कलकुव्यातही पाडेच. भिलाटी नाही, कारण सगळे आपलेच असल्यावर वेगळी ओळ काढून दाखवणार कोणाला? हा सपाटीचा शब्द. जिथे गाव पाटलांचं किंवा गुजरांचं आणि भिल कडेला, तिथे तो उगवतो. अकरावीला तालुक्याच्या गावी आलो तेव्हा पहिल्यांदा ऐकला. शब्दात शिवी नसेल, सुरात होती.

तापीकाठची
हे लक्षात आलं नव्हतं. टोचला नाही, कारण माझं घर पाराच्या बाजूला होतं.

धातूसाधित
व्युत्पत्ती पाहू. 'भिल्ल' हा द्राविडी विल् / बिल्लु म्हणजे धनुष्य यावरून आला, असं बरेच अभ्यासक मानतात. पुढचं 'आटी' म्हणजे वाटिका. वाटिकेची वाडी झाली, तशीच ही आटी.

केळीबाग
मग बामणाटी का नाही झाली? गुजराटी?

धातूसाधित
सगळ्याच शब्दांना सगळे प्रत्यय लागत नाहीत.

पांझराकाठ
वाटिका वगैरे काही नाही. गवळ्यांची, धनगरांची हट्टी म्हणजे वस्ती असते ना, तीच. भिलहट्टी, भिलाटी. माझे आजोबा हेच सांगायचे.

धातूसाधित
आजोबांचा आदर आहे, पण ह जाऊन ट्टचा ट होण्याला दुसरं उदाहरण द्या.

पांझराकाठ
आधी तुम्ही बामणाटी दाखवा.

सरळमराठी
इतकं कशाला? डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलंच आहे. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा, सगळी. त्याऐवजी समतानगर, क्रांतीनगर. भिलाटीही त्याच माळेतली. प्रमाण लेखनात येऊ नये.

केळीबाग
आमच्याकडे 'एकलव्यनगर' अशी पाटी लागली. रिक्षावाला अजून भिलाटीच म्हणतो.

नवापूरचा
एकलव्यच सापडला! ज्याचा अंगठा मागून घेतला तो. १८५८ मध्ये अंबापाणीला इंग्रजांशी लढलेला खाज्या नाईक इथलाच ना? त्याचं नाव द्यायला काय हरकत होती?

तापीकाठची
पाटीवर काय असावं तो वेगळा प्रश्न. आजी तर साठ वर्षांपूर्वीची गोष्ट सांगताहेत. तेव्हा क्रांतीनगर कुठलं? आणि 'आदिवासी' हा शब्द त्यांच्या तोंडून मी एकदाच ऐकलाय, जातीच्या दाखल्याबद्दल बोलताना.

पाडळ
दाखल्यावरही 'आदिवासी' नसतं. संविधान सभेत आदिवासी नेते जयपालसिंग मुंडांनी तो शब्द लावून धरला होता, पण घटनेत आली अनुसूचित जमात. त्यातही महाराष्ट्राच्या यादीत भिल या एकाच नोंदीखाली तडवी, पावरा, वसावे सगळे. मी पावरा. मला कोणी भिल म्हटलं की घरचे चिडतात, आणि कागदावर आम्ही शेजारी-शेजारी स्वल्पविरामाने जोडलेले.

सरळमराठी
म्हणजे 'आदिवासी वस्ती'ही चूक?

पाडळ
चूक नाही. पण आजींची नाही.

पांझराकाठ
सालदारला तळटीप द्याच. पुण्याचा वाचक पगारी नोकर समजेल. वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, आखाजी ते आखाजी.

सरळमराठी
निदान तिथे तरी 'अक्षय्य तृतीया' लिहा.

केळीबाग
आखाजीला अक्षय्य तृतीया म्हणणारा खान्देशी मला बघायचाय. झोका कशाला बांधता, तृतीयेला?

पांझराकाठ
बोलीपेक्षा मोठं म्हणजे देणं. आदल्या वर्षीची उचल फिटायची नाही, म्हणून पुढचं साल त्याच मालकाकडे. १९७२ मध्ये शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली ती सालदार आणि मजुरांच्या जोरावर. तळटीप दोन ओळींत बसणार नाही.

तापीकाठची
आजींचे मालक सालदारच होते, अकरा सालं. (मालक म्हणजे नवरा. यालाही तळटीप लागणार बहुतेक.) काल त्यांनाच विचारलं, भिलाटी लिहू का? म्हणाल्या, "मंग काय लिखशी? मी तठेच ऱ्हास." (मग काय लिहिशील? मी तिथेच राहते.)

सरळमराठी
हा काही भाषिक निकष नव्हे.

नवापूरचा
आजींनी म्हणावं, त्यांचा हक्क आहे. त्यांच्या वाक्यातून काढू नका. पण प्रस्तावना तुमची. तिथे तुम्ही काय लिहिणार?

धातूसाधित
एक राहिलं. ट की ठ? यावलकडे मी 'भिलाठी' ऐकलंय. ठ असेल तर वाटिकाही गेली, हट्टीही गेली, मग 'ठाव' बघावा लागेल.

पांझराकाठ
आता कसं!

तापीकाठची
रेकॉर्डिंग पुन्हा ऐकते. नेमका त्याच शब्दावर मागे कोंबडा आरवलाय.