मदत हवी आहे: मॉडेल रेल्वेसाठी टीटी स्केलमध्येच राहू की एचओ स्केलला जाऊ?

मंडळी, मुलुंडच्या वन-बीएचकेत भिंतीलगतच्या फळीवर 12 डब्यांची छोटी मॉडेल लोकल पळवायचा घाट घातलाय. एचओमध्ये, म्हणजे 1:87 ला (खऱ्या गाडीच्या 87 पट लहान), ती पावणेतीन मीटरच्या वर जाते. टीटीत, 1:120 ला, डबा साधारण 17 सेंटिमीटरचा आणि अख्खी गाडी दोन मीटरच्या आसपास. म्हणून टीटी धरलं. टीटीत दोन रुळांमधलं अंतर 12 मिमी, आपल्या 1676 मिमी ब्रॉडगेजला खरं तर 14 हवं. तेवढं मी चालवून घेतो (जाणकारांनी नाकं मुरडू नयेत).

काळजी वेगळीच आहे. हा स्केल पूर्व जर्मनीत रुजला, तिथल्या सेब्निट्झची टिलिग कंपनी आजही टीटीच्या गाड्या बनवते. 2022 मध्ये हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीनेही टीटी:120 आणला. पण इथे ज्याला विचारावं तो एचओवाला! वायर, एलईडी लोहार चाळीत मिळतील. उद्या गिअर झिजला तर कुणाच्या दारात जायचं?

मुंबई-ठाण्यात टीटीवाले कुणी आहात का? लोकलची बॉडी 1:120 मध्ये थ्रीडी प्रिंट करून देणारं कुणी माहीत आहे? आणि जुन्या खेळाडूंनो, दहा वर्षांनी याचे सुटे भाग मिळतील असं वाटतं का? रूळ अजून ठोकलेले नाहीत, त्यामुळे स्पष्ट सांगा.