डोणी, होडी की कॅनू?

प्रश्न : कोलंबसाच्या चौथ्या सफरीवर मराठीत लिहिते आहे. १५०२ मध्ये होंडुरासच्या किनाऱ्यासमोर, ग्वानाहा बेटापाशी स्पॅनिश लोकांना एक ‘कॅनोआ’ आढळली. तिला ‘होडी’ म्हटलं की दोन माणसं आणि एक जाळं डोळ्यांसमोर येतं. दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर १ : ताई, ‘होडी’ नकोच. कोलंबसाचा मुलगा फर्नांडो तेव्हा तेरा वर्षांचा, त्याच सफरीवर होता. त्याने पुढे लिहून ठेवलंय की ती गॅलीएवढी, म्हणजे वल्ह्यांच्या मोठ्या जहाजाएवढी लांब, आठ फूट रुंद आणि एकाच खोडाची होती. पंचवीसेक पुरुष, मधोमध झापांचा आडोसा आणि त्याखाली बायका, मुलं, माल. अंगावर घ्यायची रंगीत सुती वस्त्रं, गारगोटीची पाती बसवलेल्या लाकडी तलवारी, तांब्याच्या कुऱ्हाडी, घंटा! बहुतेक अभ्यासक हे मध्य अमेरिकेतल्या माया लोकांचे व्यापारी मानतात. ‘गलबत’ही चालणार नाही, कारण त्यात फळ्यांची बांधणी आणि शीड आलंच. खोड कोरून केलेली ती डोणी. पहिल्यांदा ‘एका खोडाची मोठी व्यापारी डोणी’ लिहा, पुढे नुसतं ‘डोणी’.

उत्तर २ : मूळ शब्दच ठेवला तर? ‘कॅनू’ सगळ्यांना कळतो.

उत्तर १ : कळतो, पण आता त्याचा अर्थ शर्यतीतली अरुंद नाव असा झालाय. शिवाय ‘कॅनोआ’ हा त्या व्यापाऱ्यांचा शब्दच नव्हे. तो कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, स्पॅनिश लोकांनी दहा वर्षांपूर्वी उचललेला. मेक्सिकोतल्या युकातान भागातल्या माया भाषेत तिला ‘चेम’ म्हणतात.

प्रश्नकर्ती : पटलं. त्याच मालात फर्नांडोने ‘बदाम’ही लिहिलेत, त्यांचं काय करू? ते कोकोच्या बिया होत्या ना?

उत्तर १ : हो, पण ‘बदाम’च राहू द्या आणि खाली टीप द्या. फर्नांडोला ते फळ नवं होतं, म्हणून त्याने ओळखीचं नाव वापरलं. त्यातले काही खाली सांडले तेव्हा, जणू डोळाच निखळून पडलाय अशा घाईने डोणीतले सगळे वेचायला वाकले, असं तो लिहितो. त्या बिया तिकडे पैसा म्हणून चालत. टिपेत ‘आपल्याकडच्या कवड्यांसारख्या’ एवढं म्हटलं तरी वाचकाला ती धांदल कळेल.

उत्तर २ : आणि ‘भेट झाली’ असं गुळगुळीत लिहू नका. स्पॅनिशांनी डोणी ताब्यात घेतली, हवा तो माल काढून घेतला आणि एका म्हाताऱ्याला वाटाड्या म्हणून ठेवून घेतलं. ‘अडवली’ लिहा.