उन्हाळा लागला की नानांना चक्कर. मागाचा संबंध असेल का?

पूर्वभागकर: वडील (आम्ही नाना म्हणतो) ५४ वर्षांचे, ३० वर्षं टॉवेल विणायच्या मागावर. बीपीची गोळी चालू आहे, तिच्यात लघवी वाढवणारं औषधही आहे. थंडीत ठणठणीत. एप्रिल लागला की दुपारी चक्कर, रात्री पोटऱ्यांत गोळे. यंदा मूतखडाही निघाला. चक्करेला एक डॉक्टर, खड्याला दुसरे. एकमेकांची फाईल कुणी उघडली नाही. घर पत्र्याचं, रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही. हे सगळं वेगवेगळं आहे का?

कडकभाकरी: सोलापुरात ४३ डिग्रीला सगळ्यांनाच गरगरतं हो. ताक द्या.

रिटायर सिस्टर: ताक द्याच, पण आधी सांगा, कामावर नाना पाणी किती पितात?

पूर्वभागकर: विचारलं. दिवसभरात तांब्याभर, चहा मात्र चारदा. म्हणाले, "लघवीला गेलो की माग थांबतो, मजुरी नगावर आहे."

रिटायर सिस्टर: तिथंच आहे सगळं. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून शेडच्या खिडक्या बंद आणि फरशीवर पाणी, बरोबर ना? सुताला दमट हवा मानवते, माणसाला नाही. घाम नुसता गळतो, वाळत नाही, अंग थंड होत नाही. मग रक्त कातडीकडे धावतं आणि बीपी उतरतं. त्यात गोळी पाणी नि मीठ बाहेर काढते, म्हणून चक्कर. गोळेही बहुधा त्यातूनच. मूत्रपिंड उरलेलं पाणी धरून ठेवतं, लघवी घट्ट होते, खड्याला आयतं निमित्त.

आता रात्र. अंगाचं तापमान उतरल्याशिवाय गाढ झोप येत नाही आणि पत्रा ते उतरू देत नाही. झोपमोड झाली की सकाळी बीपी चढलेलं. ते बघून कुणी डोस वाढवला, तर दुपारी आणखी चक्कर! गोळी मनानं बंद करू नका. सकाळी आणि कामावरून आल्या आल्या, दोन्ही वेळा मोजा. रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते यावरून कळतं) तपासायचं का, तेही विचारा.

कडकभाकरी: सिस्टर, ताकात मीठ घालू का नको मग?

रिटायर सिस्टर: बीपीवाल्यांनी डॉक्टरांना विचारून. तुम्ही खुशाल घाला.

पूर्वभागकर: मोजलं. सकाळी १५२/९४, दुपारी शेडमधून आल्यावर १०४/६६. मार्चमध्ये डोस वाढवला होता. तेव्हा सकाळी साडेआठला मोजलं होतं, रात्रभर जागून. उद्या दोन्ही फायली एकाच पिशवीत घेऊन जातोय. नाना म्हणतात, खाडा पडेल.