मदत हवी आहे: खोली १३२ चौरस फूट, दुकानदार म्हणतो १६८ चौरस फूट कार्पेट घ्या

नमस्कार मंडळी,

ऐरोलीला आमच्या घरी एका खोलीत कार्पेट घालायचं आहे. माझी आई दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. नव्या घरात आल्यापासून त्या खोलीत आवाज घुमतो. खाली गुळगुळीत टाइल्स, भिंती मोकळ्या. मुलांना शब्द स्पष्ट ऐकू येत नाहीत याची तिला फार टोचणी लागली आहे, म्हणून हे काम लांबवायचं नाही.

खोलीचं माप: लांबी १३ फूट ३ इंच, रुंदी १० फूट ६ इंच. एका लांब भिंतीला ६ बाय २ फुटांचं पक्कं कपाट आहे, समोरच्या भिंतीत खिडकीखाली ४ फूट लांब आणि १ फूट ३ इंच खोल कोनाडा.

आधी मी १३.३ गुणिले १०.६ केलं आणि १४१ आलं. ते चूक. ३ इंच म्हणजे पाव फूट, म्हणून १३.२५ गुणिले १०.५, म्हणजे १३९. त्यात कोनाड्याचे ५ मिळवले, कपाटाचे १२ वजा केले, की १३२ चौरस फूट. (भाऊ म्हणाला, अ‍ॅग्रीमेंटमधला कार्पेट एरिया बघ. पण तो आकडा पूर्ण फ्लॅटचा, आणि २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे त्यात आतल्या भिंतींची जाडीही धरतात. इथे टेपच लावावी लागते.)

वाशीतल्या दुकानदाराचा हिशोब असा: १२ फूट रुंदीचा रोल, १४ फूट कापायचा, म्हणजे १६८ चौरस फूट. कार्पेट ७० रुपये, खालचा फोम १५, फिटिंग १०, सगळं १६८ वर. एकूण १५,९६०, टॅक्स वेगळा.

ठाण्यातल्या दुकानात कार्पेट टाइल्स सुचवल्या. ५० बाय ५० सेंटिमीटरच्या, एका खोक्यात २०. तीन खोकी, ८५ रुपये चौरस फुटाने साधारण १३,७००, वर फिटिंग.

माझे प्रश्न: ३६ चौरस फुटांचे जादा पैसे द्यावेच लागतात का? ४ मीटर रुंदीचा रोल आडवा टाकला तर वाचतील का? आणि आमच्याकडे खाडीची दमट हवा, पावसाळ्यात कुबट वास येईल का?

प्रतिसाद १

मी बरीच वर्षं ऑफिसांत कार्पेट फिटिंगचं काम केलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

१६८ बरोबर आहे. रोल रुंदीत अर्धा मिळत नाही. तुमची रुंदी कोनाड्यासकट ११ फूट ९ इंच होते, म्हणजे १२ फुटी रोलमध्ये जोड न देता बसते, हे नशीबच समजा. लांबीला दोन्ही टोकांना तीन-तीन इंच जादा ठेवावेच लागतात, कारण भिंती काटकोनात नसतात. कपाटाचा तुकडा कापून निघेल, त्याचं पायपुसणं करा. ४ मीटरचा रोल म्हणजे १३ फूट दीड इंच, तुमची खोली १३ फूट ३ इंच. दीड इंच कमी पडतो, आणि तेवढ्यासाठी पट्टी जोडली तर जोड कायम दिसतो. जोड द्यायचाच झाला तर लव दोन्हीकडे एकाच दिशेला झुकलेली हवी, नाहीतर एकाच रंगाचे दोन रंग दिसतात.

मात्र फोम आणि फिटिंग १६८ वर का? फोमला जोड चालतो, तो १४० पुरे. फिटिंग प्रत्यक्ष जमिनीवर, १३२ वर. म्हणजे २,१०० आणि १,३२०. एकूण १५,१८० होतात. ७८० रुपये कमी करायला सांगा, सहसा ऐकतात.

टाइल्सच्या बाबतीत: ४.०४ मीटर लांबीत ८ पूर्ण टाइल्स बसून ४ सेंटिमीटरची चिंधी उरते. ती निघून येते. म्हणून मांडणी मधून सुरू करून दोन्ही टोकांना अर्ध्याहून थोडे मोठे तुकडे घ्यावे लागतात, आणि मग ६० टाइल्स जेमतेम पुरतात. पुढे एखादी खराब झाली तर बदलायला हातात काही राहत नाही.

दाराखालची फट मोजली का? कार्पेट आणि फोम मिळून पंधरा मिलिमीटरच्या आसपास जाडी होते. दार घासलं तर सुताराकडून खालून रंधा मारून घ्यावा लागेल.

प्रतिसाद २

ताई, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. माझं मत वेगळं आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवूच नका. दमट हवेत ते उचलून वाळवता येत नाही आणि बाहेरच्या भिंतीला ओल आली तर कळतही नाही. १२ बाय ८ चा तुकडा कापून कडा शिवून घ्या. कपाटासमोर तुमची रुंदी साडेआठ फूट उरते, त्यात बसेल. ९६ चौरस फूट, ७० च्या भावाने ६,७२०. पॉलिप्रॉपिलीनचं घ्या, ते पाणी धरत नाही. तागाचं अस्तर असलेलं टाळा. आईंचा पाय अडकू नये म्हणून खाली न सरकणारी जाळी घाला.

आणि आधी एक करा. घरातल्या गोधड्या जमिनीवर पसरा, टाळी वाजवा, एक पान वाचून रेकॉर्ड करा. कार्पेट तीक्ष्ण आवाज शोषतं, पण भिंतींवरून येणारा आवाज तसाच राहतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री चार गोधड्या पसरून वाचन केलं. घुमणं कमी झालं, पण टाळीची झणझण राहिली. मग आईच्या पाठीमागच्या भिंतीवर एक गोधडी दोरीवर टांगली, आणि फरक इतका स्पष्ट होता की तिने पूर्ण धडा पुन्हा वाचला. "श" आणि "ष" आता वेगळे ऐकू येतात.

म्हणून १२ बाय ८ चा सुटा तुकडाच घेते, उरलेल्या पैशांत खिडकीला आणि त्या भिंतीला जाड पडदे. दाराची फट मोजली, दहा मिलिमीटर आहे. पण दार उघडतं तिथपर्यंत तुकडा जात नाही, त्यामुळे रंध्याचं काम वाचलं.

आता कडा शिवण्याचाच प्रश्न आहे. वाशीचा दुकानदार ते करत नाही. घेर ४० फूट होतो. ऐरोली, ठाणे किंवा कळव्यात हे काम करणारं कुणी असेल तर भाग सांगा, आणि ते फुटावर पैसे घेतात की नगावर, तेही कळवा.