सुलभ, सुगम की सुगम्य?

एका संस्थळाच्या सूचना मराठीत आणतोय. ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ला आधीच्या अनुवादकाने ‘सुलभता’ लिहून ठेवलंय, आणि ‘युजेबिलिटी’लाही ‘सुलभता’च. एका वाक्यात दोन्ही आले आणि मी अडकलो. सरकारी कागदांत ‘सुगम्यता’ दिसतं. काय घ्यावं?

प्रतिसाद :
धातू बघा, निम्मा गुंता सुटतो. सुलभ म्हणजे सहज लाभणारं, ‘लभ्’वरून. सुगम म्हणजे जिथे सहज जाता येतं, ‘गम्’वरून. ‘सुगम’चं उलट टोक तर आपल्या चांगलंच ओळखीचं: दुर्ग! जिथे जाणं अवघड, तो दुर्ग. बटणांना वाचून दाखवता येतील अशी नावंच न दिलेलं संस्थळ अंध माणसासाठी दुर्गच असतं, फक्त बांधणाऱ्याचा हेतू तसा नसतो. तेव्हा आत शिरताच येत नसेल तर प्रश्न सुगम्यतेचा. शिरल्यावर काम रेंगाळत असेल तर सुलभतेचा.

केवायसी (ओळख-पडताळणी) करताना ‘पापण्या मिटा-उघडा’ म्हणतात ना? अ‍ॅसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या व्यक्तींना ते जमत नव्हतं. त्यांच्या याचिकेवर ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तिथे ‘सुलभता’ म्हटलं तर प्रश्न सोयीपुरताच वाटेल.

‘सुगम’ एकटा का नको? त्याच्या मागे लगेच ‘संगीत’ ऐकू येतं म्हणून! ‘सुगम्य’ केंद्र सरकारच्या डिसेंबर २०१५ च्या, अपंगांसाठीच्या सुगम्य भारत अभियानामुळे कानावर पडू लागला. लोक त्याचा अर्थ रॅम्प आणि लिफ्ट एवढाच घेतात, पण माहिती-तंत्रज्ञानही त्या अभियानात होतंच.

प्रतिसाद :
मी स्क्रीन रीडर (पडद्यावरचं आवाजात वाचून दाखवणारी प्रणाली) वापरते. आमच्यात सरळ ‘अ‍ॅक्सेसिबल आहे का?’ असंच विचारतात. ‘सुगम्य’ मी भाषणांतच ऐकलाय. शब्द कुठलाही घ्या, पण ‘येथे क्लिक करा’ तेवढं काढा. मी पानावरच्या लिंकांची यादी ऐकते. त्यात ओळीने बारा वेळा ‘येथे क्लिक करा’. कुठे येथे? युनिकोड (अक्षरांची सगळीकडे चालणारी प्रमाण पद्धत) नसलेल्या जुन्या फाँटचं तर विचारू नका. दिसायला देवनागरी, आत रोमन अक्षरं, आणि आवाज काहीतरी भलतंच बरळतो. स्कॅन करून टाकलेल्या पीडीएफवर तो गप्पच.

मूळ प्रश्नकर्ता :
लिंकांचं बघतो. ‘डिस्ट्रॅक्टेड युजर’ला ‘विचलित वापरकर्ता’ चालेल?

प्रतिसाद :
नको. विचलित म्हटलं की बातमीतली ‘विचलित करणारी दृश्यं’ आठवतात. हा माणूस एसटी स्टँडवर भर उन्हात, कडेवर पोर घेऊन, एका अंगठ्याने वीजबिल भरतोय. मराठीत त्याच्यामागे ‘चार व्यवधानं’ असतात. ‘व्यवधानात असलेला’ लिहा. संस्थळवाले सगळ्यांना अष्टावधानी समजतात, ही खरी अडचण.

आणि ‘कॉन्ट्रास्ट’ला कृपा करून ‘रंगभेद’ लिहू नका. अक्षर उठून दिसतं, म्हणून ‘उठाव’ (१८५७ चा नव्हे). डब्ल्यूसीएजी या संस्थळ-सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या एए (मधल्या) पातळीला साध्या मजकुराचा उठाव किमान ४.५ : १ लागतो. नियम मुळात अधू दृष्टीच्या लोकांसाठी आहे, पण उन्हात त्या एसटी स्टँडवाल्यालाही तोच तारतो.

मूळ प्रश्नकर्ता :
‘सुगम्यता’ आणि ‘वापरसुलभता’ असे दोन शब्द वेगळे केले. ‘येथे क्लिक करा’ सात ठिकाणी निघालं. ‘रंगभेद’ही होता हो, एका मथळ्यात.